शून्य नंबरची गाडी

१९९३ आणि १९९४ या दोन हंगामांत फॉर्म्युला वनच्या शर्यती ज्यांनी पाहिल्या, त्यांना डेमन हिलची गाडी आठवत असेल. तिच्या नाकावर शून्य लिहिलेलं असायचं. तेव्हाचा नियम असा होता की आदल्या वर्षीचा जगज्जेता ज्या संघात जाईल तिथे एक नंबर घेऊन जाणार आणि त्याच्या जोडीदाराला दोन नंबर मिळणार. जगज्जेता शर्यतीतच उतरला नाही, तर एक नंबर कुणालाच नाही. त्याच्या जुन्या संघाला मग शून्य आणि दोन मिळायचे. १९९२ साली नायजेल मॅन्सेल विल्यम्सच्या गाडीत जगज्जेता झाला आणि अमेरिकेला निघून गेला. १९९३ साली अ‍ॅलन प्रोस्ट विल्यम्सच्याच गाडीत जगज्जेता झाला आणि त्याने निवृत्ती घेतली. म्हणून सलग दोन वर्षं जगातल्या सगळ्यात वेगवान संघाच्या एका गाडीवर शून्य होतं.

नंबरांचा हा हिशेब आणखी थोडा मागेपुढे नेऊन पाहावा. १९८७ साली नेल्सन पिके विल्यम्समधून जगज्जेता झाला आणि पुढच्या वर्षी एक नंबर घेऊन लोटस संघात गेला. १९९६ साली हिल जगज्जेता झाला, आणि १९९७ मध्ये तो एक नंबर ॲरोज नावाच्या तळातल्या संघाच्या गाडीवर दिसला. म्हणजे दहा वर्षांत विल्यम्सने चार जगज्जेते घडवले आणि चौघांपैकी एकही जण मुकुट राखायला त्या संघात थांबला नाही. काही आपणहून गेले, काहींना जावं लागलं.

विल्यम्सच्या ऱ्हासाविषयी बरंच लिहिलं गेलं आहे. पैसा कमी पडला, इंजिन देणाऱ्या कंपन्या सोडून गेल्या, मोठ्या मोटार कंपन्यांपुढे खासगी संघाचा निभाव लागला नाही, घरच्यांनी कारभार नीट पाहिला नाही. यातलं प्रत्येक कारण थोडंथोडं खरं आहे. पण मला वाटतं, हे सगळं नंतरचं आहे. विल्यम्सची घसरण ती जिंकत असतानाच सुरू झाली, आणि ज्या विश्वासामुळे ती जिंकत होती त्याच विश्वासाच्या पोटात सुरू झाली. तो विश्वास असा की गाडी महत्त्वाची, माणूस बदलता येतो.

हा विश्वास आला कुठून, हे आधी पाहायला हवं. फ्रँक विल्यम्स हा इंग्लंडच्या उत्तरेकडल्या साऊथ शील्ड्स गावात १९४२ साली जन्मलेला माणूस. पैसा नाही, इंजिनिअरिंगचं शिक्षण नाही, होतं ते शर्यतीचं वेड. १९६९ साली त्याने मित्र पिअर्स करेजला ब्रॅबहॅमच्या गाडीत बसवून फॉर्म्युला वनमध्ये पाऊल ठेवलं. पुढच्याच वर्षी हॉलंडमधल्या झँडव्होर्टच्या शर्यतीत करेज अपघातात मेला. पुढची काही वर्षं फ्रँकने उधारउसनवारीवर काढली. बिल न भरल्याने फोन तोडला गेला, तेव्हा तो रस्त्यावरच्या सार्वजनिक फोनवरून धंदा करायचा. १९७६ साली वॉल्टर वुल्फ या उद्योगपतीने संघातला मोठा हिस्सा घेतला आणि फ्रँक स्वतःच्याच संघात पाहुणा झाला. १९७७ साली तो बाहेर पडला, पॅट्रिक हेड या इंजिनिअरला सोबत घेतलं आणि डिडकॉट गावात गालिच्यांच्या एका जुन्या गोदामात नव्याने सुरुवात केली.

दोन वर्षांत, जुलै १९७९ मध्ये, सिल्व्हरस्टोनला क्ले रेगाझोनीने या संघाला पहिला विजय मिळवून दिला. १९८० साली ॲलन जोन्स जगज्जेता झाला. तिथून १९९७ पर्यंत संघांचं विजेतेपद नऊ वेळा, ड्रायव्हरांचं सात वेळा. फोन तोडलेल्या माणसाने हे उभं केलं, तेव्हा त्याने त्यातून काय धडा घेतला असेल? माझ्या मते हाच की ड्रायव्हर येतात, जातात, कधीकधी मरतातही. पैसेवाले येतात आणि मालक होऊन बसतात. टिकतं ते आपण आपल्या हाताने बनवलेलं यंत्र. करेजच्या मृत्यूनंतर फ्रँकने ड्रायव्हरांपासून मनाने अंतर ठेवलं, असं त्याला ओळखणारे सांगत. या विश्वासाला मी गर्व म्हणणार नाही. पोळलेल्या माणसाने स्वतःला घातलेली ती शिस्त होती.

आणि ती शिस्त पंधरा वर्षं फळत राहिली. १९८६ सालच्या मार्चमध्ये फ्रान्समध्ये भाड्याची गाडी चालवताना फ्रँकला अपघात झाला आणि तो मानेखाली लुळा झाला. संघ थांबला नाही. हेडने कारखाना सांभाळला आणि त्या वर्षी संघांचं विजेतेपद विल्यम्सलाच मिळालं. मालक अतिदक्षता विभागात आणि गाड्या पहिल्या. माणूस कोणीही असो, यंत्रणा चालते, याचा याहून मोठा पुरावा कुणाला मिळणार? पुढच्या वर्षअखेरीस होंडाने आपलं इंजिन काढून मॅक्लारेनला दिलं. १९८८ साली एकही विजय नाही. पण १९८९ मध्ये रेनो आलं आणि गाडी पुन्हा पुढे. मोठ्यातला मोठा धक्काही संघ पचवतो, हे दुसऱ्यांदा सिद्ध झालं. पुरावे असे साठत गेले की विश्वास तपासून पाहायची वेळच कुणावर येत नाही.

आता १९९२ ची ती गाडी जवळून पाहू, कारण या संघाचं मोठेपण आणि त्याची चूक दोन्ही तिच्यात दिसतात. एफडब्ल्यू १४ बी. एरवी गाडीच्या चाकांना स्प्रिंग आणि शॉक अब्सॉर्बर असतात. खड्डा आला, वळण आलं, ब्रेक लागला की गाडी दबते, कलते, नाक खाली करते. एवढ्या वेगात गाडी जमिनीपासून किती उंचीवर आहे, यावर तिच्याखालून हवा कशी जाते ते ठरतं आणि त्यावर पकड ठरते. विल्यम्सने स्प्रिंगचं काम हायड्रॉलिक्सवर सोपवलं आणि त्याला कॉम्प्युटरची जोड दिली. गाडी ट्रॅकवर कशीही गेली तरी जमिनीपासूनची तिची उंची हवी तेवढी राहील, अशी ती योजना. आरेखन एड्रियन न्यूई आणि हेडचं. इलेक्ट्रॉनिक्सवर काम करणाऱ्यांत पॅडी लो नावाचा एक तरुण इंजिनिअर होता, त्याचं नाव पुढे पुन्हा येईल. १६ शर्यतींत मॅन्सेलने १४ वेळा पहिल्या क्रमांकावरून सुरुवात केली, ९ शर्यती जिंकल्या आणि पाच शर्यती शिल्लक असताना ऑगस्टमध्ये हंगेरीत तो जगज्जेता झाला. ही अ‍ॅक्टिव्ह सस्पेन्शनची पद्धत १९९४ पासून नियमाने बंदच करावी लागली.

गाडीची अशी महती असताना ड्रायव्हर कोण हे गौण, असं वाटलं तर नवल नाही. पण त्याच वर्षी सिल्व्हरस्टोनच्या पात्रता फेरीत मॅन्सेलची वेळ होती जोडीदार रिकार्डो पात्रेसेपेक्षा जवळजवळ दोन सेकंद कमी. गाडी तीच, इंजिन तेच, टायर तेच, दिवस तोच. फॉर्म्युला वनमध्ये दोन सेकंद म्हणजे पहिला नंबर आणि मधला घोळका यांतलं अंतर. पात्रेसे काही सामान्य ड्रायव्हर नव्हता. पण वळणात शिरताना ही गाडी हातांना नेहमीसारखा अंदाज देत नसे. ती पकड सोडणार नाही यावर आधी विश्वास टाकायचा आणि मग वेग कळायचा. तो विश्वास मॅन्सेलच्या अंगात होता. म्हणजे गाडी सगळं करत नव्हती. गाडी आणि एक विशिष्ट माणूस मिळून ते करत होते, आणि आकडा तर स्टॉपवॉचवर समोर दिसत होता. त्या वर्षाअखेर पैशांवरून आणि प्रोस्टला आणण्यावरून बोलणी फिसकटली. मॅन्सेल गेला. पुढच्या वर्षी प्रोस्ट जिंकला, त्यामुळे तो आकडा कुणी पुन्हा वाचला नाही.

जिंकण्यातला धोका नेमका इथे आहे. हरणारा संघ आपण का हरलो हे शोधत बसतो. जिंकणाऱ्याला कारण शोधावं लागत नाही, तो त्या वेळी जे जे करत होता ते सगळंच त्याला विजयाचं कारण वाटतं. विल्यम्स जिंकत होती त्याच काळात ती माणसं घालवत होती. मग हळूहळू माणसं घालवणं हाही त्या संघाच्या कणखरपणाचा भाग वाटू लागला.

ड्रायव्हरांच्या बाबतीत हे एक वेळ खपून गेलं. खपलं नाही ते न्यूईच्या बाबतीत. न्यूई १९९० साली आला. त्याने हात लावलेल्या गाड्यांनी संघांची पाच विजेतेपदं मिळवली. हवेचा ओघ डोळ्यांसमोर पाहू शकणारा आणि ड्रॉइंग बोर्डवर पेन्सिलीने काम करणारा तो माणूस. त्याचं मागणं फार मोठं होतं असं मला वाटत नाही. कंपनीत थोडी भागीदारी आणि मोठ्या निर्णयांत मत, विशेषतः ड्रायव्हर निवडताना. कंपनी फ्रँक आणि हेड या दोघांच्या मालकीची होती आणि दोघांना तिसरा नको होता. १९९६ चा हंगाम संपायच्या आत हिलला सांगण्यात आलं की पुढच्या वर्षी तुझी जागा हाइन्झ-हॅराल्ड फ्रेंटझेनला दिली आहे. हिलने त्या वर्षी १६ पैकी ८ शर्यती जिंकल्या. न्यूईला या निर्णयात विचारलं गेलं नव्हतं. त्या हिवाळ्यात तो बाहेर पडला आणि १९९७ मध्ये मॅक्लारेनला रुजू झाला. १९९८ साली जगज्जेता झाला मिका हाक्किनेन, मॅक्लारेनच्या गाडीत.

मधलं १९९७ चं वर्ष मला या सगळ्या कहाणीत फार महत्त्वाचं वाटतं. त्या वर्षी जॅक व्हिलन्यूव्ह विल्यम्समधून जगज्जेता झाला आणि संघांचं विजेतेपदही मिळालं. पण ती गाडी मुख्यतः न्यूईने आखलेली होती. आखणारा इमारतीतून गेला होता, त्याची रेघ ट्रॅकवर धावत होती. निकालपत्रकात सगळं उत्तम होतं. या खेळात कारण आणि परिणाम यांच्यात दीड-दोन वर्षांचं अंतर असतं. आज गेलेल्या माणसाची उणीव परवाच्या गाडीत दिसते, आणि तोवर गेला तरी काही बिघडलं नाही असं म्हणायची सोय राहते. १९९८, १९९९, २००० अशी तीन वर्षं विल्यम्सला एकही विजय नाही. १९९७ नंतर आजतागायत एकही विजेतेपद नाही.

इथे पैशाचा मुद्दा पुढे येतो आणि तो टाळून चालणार नाही. दोन हजार सालानंतर मोठ्या मोटार कंपन्या स्वतःचे संघ घेऊन उतरल्या. फेरारीला फियाटचं पाठबळ होतं, टोयोटा आली, होंडा आली, रेनो परत आली. त्यांच्यापुढे खासगी संघाने खर्च करायचा तरी किती? पण टोयोटाचं उदाहरण बघा. पैशाला तोटा नसलेली कंपनी २००२ ते २००९ अशी आठ वर्षं खेळली आणि एकही शर्यत न जिंकता घरी गेली. उलट २००४ च्या अखेरीस रेड बुलने फोर्डकडून जॅग्वारचा पडेल संघ घेतला, २००६ मध्ये न्यूईला आणलं, त्याला हवी ती मुभा दिली आणि २०१० पासून सलग चार वर्षं दोन्ही विजेतेपदं नेली. रेड बुलकडे पैसा होता हे खरंच. पण तो त्यांनी आधी माणसावर लावला. ज्या माणसाला विल्यम्सने थोडी भागीदारी नाकारली, त्याच्याभोवती त्यांनी संघ उभा केला.

बीएमडब्ल्यूचा अध्याय मात्र सोपा नाही आणि तिथे मी फ्रँकला सहज दोष देणार नाही. २००० ते २००५ बीएमडब्ल्यूचं इंजिन विल्यम्सच्या गाडीत होतं. ते मैदानातल्या सगळ्यात दमदार इंजिनांपैकी एक होतं. हुआन पाब्लो मोंतोया आणि राल्फ शूमाकर यांनी मिळून दहा शर्यती जिंकल्या, २००३ मध्ये तर विजेतेपद अगदी हाताशी आलं होतं. मग म्युनिकच्या लोकांना वाटू लागलं की इंजिन आमचं बरं आहे, गाडी तुमची कमी पडते. त्यांना संघात हिस्सा हवा होता. फ्रँक नाही म्हणाला. २००५ मध्ये बीएमडब्ल्यूने स्वित्झर्लंडचा झाउबर संघ विकत घेतला आणि २००६ मध्ये विल्यम्स आठव्या क्रमांकावर गेली. हटवादीपणा झाला असं तेव्हा सगळे म्हणाले. पण २००९ च्या शेवटी बीएमडब्ल्यूने फॉर्म्युला वनच सोडलं, आणि झाउबरचे लोक आपल्या संघाचं काय होणार या काळजीत पडले. वॉल्टर वुल्फचा अनुभव घेतलेल्या माणसाने कंपन्यांवर भरवसा ठेवला नाही, यात त्याची चूक नव्हती. माझं म्हणणं एवढंच आहे की न्यूईला दिलेला नकार आणि बीएमडब्ल्यूला दिलेला नकार हे दोन वेगळे नकार होते. एक कंपनी तुम्हाला गिळू पाहत होती. दुसरा माणूस तुमचा होऊ पाहत होता. फ्रँकला दोघांत एकच धोका दिसला.

२०११ च्या ऑक्टोबरमध्ये ग्रेटर नोएडाच्या बुद्ध सर्किटवर भारतातली पहिली शर्यत झाली, तेव्हा मी स्टँडमध्ये होतो. पुण्याहून चौघे मित्र रेल्वेने गेलो होतो. आजूबाजूची तरुण मुलं फेरारीच्या लाल टोप्या घालून आलेली, काही रेड बुलच्या. विल्यम्सच्या दोन गाड्या मागच्या घोळक्यातून गेल्या आणि माझ्या शेजारच्या मुलाने विचारलं, "काका, ये नीलीवाली कौनसी टीम है?" त्याचा काही दोष नव्हता. त्या हंगामात विल्यम्सला अख्ख्या वर्षात ५ गुण मिळाले. आपला नारायण कार्तिकेयन २००६ आणि २००७ मध्ये या संघाचा टेस्ट ड्रायव्हर होता, हे त्याला सांगावंसं वाटलं. मी फक्त नाव सांगितलं. ज्या गाडीसाठी आम्ही केबलवाल्याकडे भांडून स्टार स्पोर्ट्स लावून घेतलं होतं, ती आता ओळख करून द्यावी लागते, हे मला त्या दिवशी फार लागलं.

२०१२ च्या मेमध्ये बार्सिलोनाला पास्टर माल्डोनाडोने एक शर्यत जिंकली. तो संघाचा ११४ वा विजय, आणि आजवरचा शेवटचा. त्याच संध्याकाळी गॅरेजमध्ये आग लागली.

२०१४ चं उठणं मात्र नीट पाहायला हवं, कारण मला वाटतं तिथेच शेवटची संधी वाया गेली. त्या वर्षी हायब्रिड इंजिनं आली आणि मर्सिडीजचं इंजिन बाकीच्यांच्या कितीतरी पुढे निघालं. ते विल्यम्सनेही घेतलं होतं. ऑस्ट्रियात फेलिपे मासा आणि वाल्तेरी बोटास पहिल्या रांगेत उभे राहिले. वर्षाअखेर संघ तिसरा, पुढच्याही वर्षी तिसरा. फ्रँकची मुलगी क्लेअर तोवर कारभार पाहत होती आणि आम्हा जुन्या चाहत्यांना वाटलं, घर सावरलं. पण सरळ रस्त्यावर पळणं इंजिनाचं काम आहे. वळणात, पावसात, संथ ट्रॅकवर गाडीची खरी परीक्षा होते, आणि तिथे विल्यम्स मागे पडायची. दुसऱ्याच्या इंजिनाने झाकलेली ही दुर्बलता होती. २०१६ मध्ये बाकूला विल्यम्सच्या मेकॅनिकांनी चारही टायर १.९२ सेकंदांत बदलले. त्या वर्षी पिट स्टॉपमध्ये त्यांच्या तोडीचं कुणी नव्हतं. त्या मेकॅनिकांचा मला मनापासून आदर आहे. पण त्या हंगामात संघ तिसऱ्यावरून पाचव्यावर गेला. गाडी उभी असताना सगळ्यात वेगवान आणि धावताना मागे.

मग उतार आला तो कड्यासारखा. २०१७ च्या सुरुवातीला बोटासला मर्सिडीजने नेलं आणि मासाला निवृत्तीतून परत बोलावलं. २०१८ मध्ये ७ गुण, शेवटचा क्रमांक. २०१९ मध्ये १ गुण. २०२० मध्ये शून्य. गाडीच्या नाकावरचं शून्य पंचवीस-सव्वीस वर्षांनी गुणतक्त्यात येऊन बसलं.

२०१९ च्या फेब्रुवारीतला बार्सिलोनाचा तो आठवडा विसरता येत नाही. हंगामाआधी सगळे संघ आपली नवी गाडी चालवून बघतात. दिवस मोजके असतात आणि एकेक तास मोलाचा. सोमवारी सकाळी नऊ संघांच्या गाड्या बाहेर पडल्या. विल्यम्सच्या गॅरेजमध्ये गाडीच नव्हती. तयार झाली नव्हती, सुटे भाग आले नव्हते. मंगळवारीही नाही. बुधवारी दुपारी ती एकदाची ट्रॅकवर आली, अडीच दिवस बुडवून. तांत्रिक बाजू तेव्हा ज्याच्याकडे होती तो पॅडी लो. हो, १९९२ च्या गाडीवर काम केलेला तोच. मधल्या काळात मर्सिडीजमध्ये विजेतेपदं पाहून तो २०१७ मध्ये परत आला होता. हंगामाची पहिली शर्यत व्हायच्या आत तो रजेवर गेला आणि पुढे संघ सोडला. लोकांनी त्याला दोष दिला. मला ते पटत नाही. एका हुशार माणसाला आणून बसवलं की गाडी होते, हा समज म्हणजे माणूस बदलता येतो या जुन्याच विश्वासाची दुसरी बाजू आहे. माणसांच्या मागे काहीतरी लागतं, ते तिथे नव्हतं.

काय नव्हतं, हे पुढे कळलं. २०२० च्या ऑगस्टमध्ये डोरिल्टन कॅपिटल या अमेरिकी गुंतवणूक कंपनीने संघ विकत घेतला आणि सप्टेंबरमध्ये मोंझाच्या शर्यतीनंतर विल्यम्स कुटुंब बाहेर पडलं. २०२३ मध्ये मर्सिडीजमधून जेम्स वाउल्स संघप्रमुख म्हणून आला. त्याने नंतर मुलाखतीत सांगितलं की गाडीच्या सुमारे वीस हजार भागांची यादी एका एक्सेल शीटमध्ये होती. कुठला भाग कितीला पडतो, बनायला किती वेळ लागतो, किती तयार आहेत, आत्ता कुठल्या टेबलावर आहेत, याचा पत्ता त्या यादीतून लागत नव्हता. लोक भाग शोधत कारखानाभर फिरायचे.

बातमी वाचून अनेकजण हसले. मला हसू आलं नाही. भोसरीतल्या एका कारखान्यात मी काही वर्षं प्लॅनिंगला होतो. तिथे स्टोअरला एक काका होते. कुठला बुश कुठल्या रॅकवर, कुठल्या व्हेंडरकडून उद्या येणार, कुठला रिजेक्ट होऊन पडलाय, सगळं त्यांच्या डोक्यात. सकाळच्या मीटिंगला शॉर्टेज लिस्ट निघायची, ती काका पाहायचे आणि पेनने चार ओळींवर काट मारायचे, "हे आहे माझ्याकडे." आम्ही सगळे त्यांच्यावर विसंबून होतो आणि त्यांचं कौतुक करायचो. ते रिटायर झाले त्या महिन्यात लाइन तीनदा थांबली. माल होता. तो कुठे आहे हे कुणाला माहीत नव्हतं. काकांकडून कुणी कधी लिहून घेतलं नव्हतं, कारण काका होते.

विल्यम्समध्ये हेच झालं असावं असं मला वाटतं. हेड वर्कशॉपमधून फिरायचा, आवाज चढवायचा, आणि गाडी व्हायची. पुढे नावाजलेला इंजिनिअर रॉस ब्रॉन यानेही सुरुवातीची वर्षं याच संघात काढली. त्या काळी संघ एवढा लहान होता की डोकी हीच यंत्रणा होती. आता कारखान्यात माणसं हजाराच्या घरात, भाग वीस हजार, आणि हेड २०११ च्या शेवटी फॉर्म्युला वनच्या कामातून बाजूला झालेला. इथे या संघाच्या विश्वासातला आतला विरोध उघडा पडतो. माणूस बदलता येतो असं खरंच मानायचं असेल, तर त्याचं ज्ञान तरी संघात उतरवून ठेवायला हवं. म्हणजे तो गेला तरी काम चालेल. विल्यम्सने माणसं बदलता येतात असं मानलं आणि सगळं ज्ञान माणसांतच राहू दिलं. जाणारा प्रत्येक जण कारखान्याचा एक तुकडा घेऊन गेला.

२०२४ च्या मार्चमधली मेलबर्नची गोष्ट यातून सरळ निघते. शुक्रवारच्या सरावात अ‍ॅलेक्स अल्बनने गाडी भिंतीवर आदळली आणि चासी, म्हणजे गाडीचा मूळ सांगाडा, तिथे दुरुस्त होण्यासारखा राहिला नाही. कुठलाही संघ एक जादा चासी सोबत ठेवतो. विल्यम्सकडे ती नव्हती, कारखान्यात तयारच झाली नव्हती. मग दुसरा ड्रायव्हर लोगन सार्जंट याची धडधाकट गाडी काढून अल्बनला दिली गेली. सार्जंटची काहीही चूक नसताना तो रविवारी हेडफोन लावून गॅरेजमध्ये बसून राहिला. नऊ वेळा विजेता ठरलेला संघ दोन ड्रायव्हरांमागे एक गाडी घेऊन सुरुवातीच्या रेषेवर गेला.

मग यातून परत येता येतं का? मॅक्लारेनकडे पाहिलं तर येतं. २०१५ ते २०१७ मध्ये मॅक्लारेनचीही अवस्था केविलवाणी होती. आपली चासी उत्तम आहे, वाईट ते होंडाचं इंजिन, असं ते सांगत राहिले. २०१८ मध्ये इंजिन बदललं आणि चासीही मागे आहे हे उघड झालं. ते कबूल करायला त्यांना वेळ लागला, पण त्यांनी केलं, कारखान्याची घडी बदलली, आणि २०२४ मध्ये, २६ वर्षांनी, संघांचं विजेतेपद परत आणलं. टिरेल, ब्रॅबहॅम, लोटस यांना ती सवड मिळाली नाही. लोटस सात विजेतेपदं घेऊन १९९४ मध्ये संपला. विल्यम्सला सवड मिळाली ती २०२१ पासून आलेल्या खर्चाच्या मर्यादेमुळे. त्या मर्यादेतही एक गोम होती. मोठ्या संघांनी सिम्युलेटर, यंत्रं, सॉफ्टवेअर आधीच घेऊन ठेवलं होतं, आणि मागे असलेल्यांनी ते आता घ्यायचं म्हटलं तर मर्यादा आड यायची. वाउल्सने यासाठी भांडून मागच्या संघांना यंत्रसामग्रीवर थोडा जास्त खर्च करायची मुभा मिळवली. गाडीच्या नाकापंखांवर जेवढं बोलावं तेवढंच तो भागांच्या याद्या कशा ठेवायच्या यावर बोलतो. मला हे आशादायक वाटतं.

त्याहून आशादायक गोष्ट २०२४ च्या जुलैमध्ये घडली. फेरारीने लुईस हॅमिल्टनला घेतल्यामुळे कार्लोस सैन्झ मोकळा झाला होता. शर्यती जिंकलेला, ऐन भरातला ड्रायव्हर. त्याने बरेच पर्याय तोलले आणि तेव्हा तळाशी असलेल्या विल्यम्सशी करार केला. अल्बनलाही त्याच वर्षी बरीच वर्षं बांधून घेतलं होतं. ज्या संघातून जगज्जेते निघून जात होते तिथे आता एक चांगला ड्रायव्हर थांबला होता आणि दुसरा स्वतःहून आला होता. २०२५ च्या सप्टेंबरमध्ये बाकूला सैन्झ तिसरा आला आणि वर्षाअखेर संघ पाचवा.

फ्रँक विल्यम्स २८ नोव्हेंबर २०२१ रोजी गेला. त्याच्या नावाची आद्याक्षरं, एफडब्ल्यू, नव्या मालकांनी गाड्यांवर तशीच ठेवली आहेत. नंबरांचा नियम मात्र बदलला. २०१४ पासून ड्रायव्हर आपला नंबर स्वतः निवडतो आणि तो त्याच्याबरोबर राहतो. अल्बनचा २३, सैन्झचा ५५. विल्यम्सला पूर्वी ५ आणि ६ मिळत, आणि मॅन्सेलच्या गाडीवरचा तो लाल पाच आम्ही वहीच्या शेवटच्या पानावर काढायचो. आता नाकावर जो आकडा आहे तो त्या माणसाचा आहे, तो असेतोवर तिथे आहे.